तीन डेसिबल

चौदा नंबरचा माणूस बोलायला लागला आणि दुसऱ्याच शब्दाला मी ओळखलं, हा माझा भाऊ.

"नमस्कार, मी..." एवढंच तो म्हणाला होता. सुनावणीत नाव सांगायला बंदी आहे हे आठवून तो थांबला आणि खाकरला. ती खाकर मी अठरा वर्षं एकाच घरात राहून ऐकलेली आहे. माझ्या डाव्या हाताशी तांबडं बटण होतं. बोलणारा ओळखीचा निघाला तर ध्वनिचालकानं ते दाबायचं आणि खुर्ची सोडायची, मग दुसरा चालक बसतो. मी बटणाकडे पाहिलं. मग हात उजवीकडे, आवाज वर-खाली करायच्या पट्ट्यांवर नेला.

मी सुवर्णा शिगवण. तेव्हा रत्नागिरीला जनसुनावणी प्राधिकरणात ध्वनिचालक होते. त्याआधी बारा वर्षं मुंबईत लोकांचे आवाज धुण्याचं काम केलं. घरात बसून थेट प्रक्षेपण करणारे, शिकवण्या घेणारे, स्वयंपाक दाखवणारे, भविष्य सांगणारे असे सगळे माझ्याकडे यायचे. त्यांचे माइक स्वस्तातले असत आणि खोल्यांना मोकळ्या भिंती. मी त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लावून द्यायची. ऐंशी हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं की पंख्याची घरघर जाते. तीनशेच्या आसपास थोडं उतरवलं की मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमटपणा जातो. तीन-चार हजारावर किंचित चढवलं की शब्द उठून येतात. गेट नावाचा फिल्टर दरवाजासारखा असतो. माणूस बोलत असेल तेव्हा उघडा, गप्प झाला की बंद, म्हणजे मधला आवाज-गोंगाट आत येत नाही. कॉम्प्रेसर ओरडणं दाबतो आणि पुटपुटणं वर उचलतो. यात जादू काही नाही, पण महिनाभरात त्याच माणसाचे श्रोते दुप्पट झालेले मी पाहिलेत. तो आधीसारखंच बोलत असायचा, फक्त लोक त्याचं खरं मानायला लागायचे.

हीच गोष्ट पुढे प्रयोगांत सिद्ध झाली. एकच भाषण, एकच माणूस. अर्ध्या लोकांना चांगल्या आवाजात ऐकवलं, अर्ध्यांना पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. दुसऱ्या गटानं त्या माणसाला कमी हुशार आणि कमी प्रामाणिक ठरवलं. का, ते कुणालाच सांगता येईना. आवाज खराब होता म्हणून, असं एकानंही म्हटलं नाही. मुद्दे पटले नाहीत, म्हणाले.

दोन हजार छत्तीस साली नवा सुनावणी कायदा आला तो याच धास्तीनं. खाण, बंदर, धरण, कारखाना, काहीही गावात यायचं असेल तर राज्यभरातून चिठ्ठ्या टाकून एकसष्ट नागरिक निवडायचे. त्यांनी घरी बसून हेडफोनवर दोन्ही बाजू ऐकायच्या आणि मत द्यायचं. बोलणाऱ्याचा चेहरा दिसणार नाही, नाव-गाव कळणार नाही, फक्त नंबर. जात बघून, कपडे बघून कुणी मत ठरवू नये म्हणून. उरला आवाज. तर आवाजही सगळ्यांचा सारखा करायचा, कंपनीच्या वकिलाचा भारी माइक आणि ग्रामपंचायतीतला खोकणारा माइक एका पातळीवर आणायचे. त्यासाठी 'समश्राव्य' नावाची यंत्रणा बसवली. ती प्रत्येक आवाज मोजायची, त्याला फिल्टर लावायची आणि शंभरपैकी एक गुण द्यायची. सगळे सत्तर ते पंचाहत्तरच्या मध्ये आले की सुनावणी कायदेशीर.

पण यंत्र शहरी आवाजांवर शिकलेलं होतं. कोकणी, वऱ्हाडी, म्हाताऱ्या आवाजांना ते चुकायचं. म्हणून माणूस हवा होता. चालकाला हातानं सुधारणा करायची मुभा होती, कुठल्याही पट्टीवर जास्तीत जास्त तीन डेसिबल आणि गेटच्या वेळेत चाळीस मिलिसेकंद. तीन डेसिबलचा फरक सामान्य कानाला जेमतेम कळतो. म्हणून तेवढी सूट निरुपद्रवी, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं. त्यांच्यात आवाजाचं काम केलेलं कुणी नसावं.

सुनावणी आमच्याच गावची होती, कातळवलीची. हे मला त्या सकाळी माहीत नव्हतं. चालकाला फक्त प्रकरणाचा क्रमांक देतात. गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, बॉक्साइटची खाण येणार होती.

"पाऊस सड्यावर पडतो तो वाहून जात नाय," माझा भाऊ दिगंबर सांगत होता. "कातळात मुरतो. वरनं बघाल तर नुसता काळा दगड, पण आतनं तो मधाच्या पोळ्यागत हाय. तेच पाणी खाली सात झऱ्यांना येतं. मे महिन्यात टँकर येतात ना बाकीच्या गावांना? आमच्याकडं आजवर आला नाय. सडा फोडलात तर..."

चांगलं बोलत होता. तो नेहमीच चांगलं बोलतो, लोकांसमोर.

सहा वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हा मी मुंबईत स्टुडिओत होते, फोन बंद करून ठेवलेला. संध्याकाळी चालू केला तर त्याचे दोन फोन येऊन गेलेले. मी उलटा लावला, लागला नाही. दुसऱ्या दिवशी लागला तेव्हा अग्नी देऊन झालेला होता. मी गावी पोचले तर हा अंगणात उभा, भाऊकीतली वीसेक माणसं बसलेली, आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, "आता काय ऐकायला आलीस?" मला उंबरठा ओलांडू दिला नाही. तो म्हणतो, सात वेळा फोन लावला. माझ्या फोनवर दोनच होते. त्या दोन आणि सातवरून आम्ही नंतर फोनवर एकदा असे भांडलो की माझ्या शेजारणीनं दार वाजवलं. त्यानंतर बोलणंच नाही.

मी दीडशे हर्ट्झची पट्टी तीन डेसिबल खाली ओढली. पुरुषाच्या आवाजाचं वजन तिथं असतं. तीन हजार तीनानं वर नेली, तिथं आवाज टोचायला लागतो. सात हजार अडीचानं वर, म्हणजे प्रत्येक 'स' शिट्टीसारखा. गेट चाळीस मिलिसेकंद आधी बंद होईल असं केलं, त्यामुळे प्रत्येक वाक्याचं शेपूट तुटायला लागलं. 'नाय' मधलं 'य' नाही, 'येतं' मधलं 'तं' अर्धं. माणूस बोलता बोलता स्वतःच कच खातोय असं वाटावं. शेवटी कॉम्प्रेसर असा फिरवला की वाक्यातला श्वास वर आला आणि तो घाबरून धापा टाकतोय असं ऐकू येऊ लागलं.

यंत्र प्रत्येक पट्टी सुटी तपासत होतं. सगळं मर्यादेत. शब्दन्‌शब्द कळत होता, म्हणून गुण आले एकाहत्तर. साडेचार मिनिटं तो बोलला. मी हेडफोनमध्ये ऐकत होते आणि माझ्या कानात एक चिडका, हलका, रडवेला माणूस तक्रार करत होता.

खाणीच्या बाजूनं तेहतीस मतं पडली, विरोधात अठ्ठावीस.

दोन दिवस मी खुशीत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. भाजी आणताना, कपडे वाळत घालताना आतून बरं वाटत होतं. झऱ्यांचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्राधिकरणाच्या कँटीनमध्ये एक माणूस माझ्यासमोर येऊन बसला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, हातात टॅबलेट. शेखर मिराशी, खाणवाल्यांचा सल्लागार. त्यानं टॅबलेट माझ्याकडे वळवला. त्यावर माझ्या पट्ट्यांचा आलेख होता. चालकाच्या नोंदी दोन्ही बाजूंना बघता येतात, कायद्यानंच. आजवर कुणी बघितल्याचं मला माहीत नव्हतं.

"चौदा नंबर," तो म्हणाला. "मॅडम, सुंदर. आठ वर्षं मी या कामात आहे. इतक्या सफाईनं कुणाला संपवलेलं पाहिलं नव्हतं."

"काय बोलताय तुम्ही?"

"बाकी तेवीस जणांना तुम्ही अर्ध्या डेसिबलच्या वर हात लावलेला नाही. एकट्या चौदाला सगळीकडे तीन. पुढच्या महिन्यात बंदराची सुनावणी आहे. अकरा मच्छीमार बोलणारेत, आणि पाळी तुमची आहे."

"मी तुमची नोकर नाही."

"चौदाच्या वेळी तरी कुठे होतात? आपखुशीनंच केलंत ना? तसंच करा." त्यानं टॅबलेट मिटला. "चौदा नंबरचं आडनाव आम्हाला माहीत असतं. चालकाला सांगत नाहीत, पण पक्षकारांना सांगतात. दोन्हीकडे शिगवण. प्राधिकरणाच्या हे अजून लक्षात आलेलं नाही."

"उठा इथून."

"चहा संपवतो," तो म्हणाला, आणि खरंच सावकाश संपवून गेला.

लाज मला त्या टेबलावर वाटली, आधी नाही. माझं वैर माझ्या घरातलं होतं, माझ्या आईच्या मरणापाशी सुरू झालेलं. ते या माणसाच्या कामी आलं होतं, आणि तो माझ्याशी सहकाऱ्यासारखा बोलत होता.

त्याच दुपारी मी उपायुक्त नीलांबरी देवस्थळींकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी नोंदी उघडल्या, चष्मा लावला, काढला.

"सगळं मर्यादेत आहे," त्या म्हणाल्या.

"मर्यादेत ठेवूनच केलंय मॅडम. पट्ट्या सुट्या बघू नका, एकत्र बघा."

"एकत्र बघायची तरतूद नाही. तुम्ही नातं लपवलंत, त्याबद्दल तुमची चौकशी होईल. तुम्हाला आजपासून कामावरून बाजूला करते. पण सुनावणी त्यामुळे रद्द होत नाही."

"मी सांगतेय की मी त्याचा आवाज मारला!"

"ओरडू नका. तुम्ही सांगता म्हणून तो मेला असं होत नाही. एकसष्ट लोकांनी मुद्दे ऐकून मत दिलंय. तुमच्या घरातली भांडणं माझ्या टेबलावर आणू नका." मग त्यांनी नियमांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "हरकत घ्यायचा अधिकार चालकाला नाही, बोलणाऱ्याला आहे. निकालापासून तीस दिवस. परिणाम झाला हे त्यानं सिद्ध करायचं."

"कसं सिद्ध करायचं? मूळ आवाज तुम्ही पुसून टाकता."

"खासगीपणासाठी पुसतो. लेखी उतारा आहे. तोच मजकूर त्यांनी पुन्हा बोलावा, तुमच्या नोंदीतले फिल्टर एका प्रतीला लावावेत, एका प्रतीला लावू नयेत. नव्या श्रोत्यांना ऐकवू. फरक पडला तर बघू." त्यांनी दाराकडे पाहिलं. "भावाची सही आणा."

म्हणजे मला कातळवलीला जावं लागणार होतं.

गेले तेव्हा निकालाला अकरा दिवस झाले होते. एसटीतून उतरून सडा चढले. काळ्या कातळावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या, आणि एक यंत्र दगडाला भोक पाडून नमुने काढत होतं. त्याची घरघर उतारावरच्या आमच्या घरापर्यंत पोचत होती.

दिगंबर गोठ्याशी होता. मला बघून हातातली पेंढी त्यानं खाली टाकली.

"कोणी बोलवलं तुला?"

"कोणी नाही. मला काही सांगायचंय."

"आईच्या वेळी सांगायचं व्हतं. सात वेळा फोन लावला."

"दोन वेळा."

"सात!"

"बरं, सात," मी म्हणाले. "तू सुनावणीत बोललास. चौदा नंबर. तुझा आवाज माझ्या हाताखाली होता. मी तो बिघडवला. मुद्दाम."

त्याला कळायला वेळ लागला, कारण त्याचा एकही शब्द बदललेला नव्हता. उतारा त्यानं वाचलेला होता. मी पुन्हा समजावलं. पट्ट्या, वजन, टोचरेपणा, तुटलेली वाक्यं. समजलं तसा त्याचा चेहरा काळा पडत गेला.

"पाच मतं," तो म्हणाला. "पाच मतांनी गेलं गाव. मला वाटत व्हतं मीच कमी पडलो. गावातली लोकं माझ्या तोंडावर बोलली, दिग्या, तुला बोलायला येत नाय तर उभा कशाला राह्यलास. अकरा दिवस मी दुकानावर गेलो नाय." त्यानं पुढे होऊन माझा दंड धरला. "सूड घ्यायचा तर माझ्यावर घ्यायचा व्हतास. पाण्यानं काय केलं व्हतं तुझं?"

"सोड मला. सही कर या कागदावर. पुन्हा ऐकतील."

"तुझ्या कागदावर? तुला मोकळं वाटावं म्हणून? चल, निघ."

"मला मोकळं वाटणार नाही. माझी नोकरी जाणारेय."

"जाऊ दे! मरू दे!"

सुनंदा वहिनी दारात आली होती. दिगंबरची बायको. माझ्याशी तिचं कधी फारसं बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हाही ती याच्यामागे गप्प उभी होती. तिनं माझ्या हातातला कागद घेतला, उभ्या उभ्या सगळा वाचला आणि त्याच्या पुढ्यात धरला.

"करा सही."

"हिच्यासाठी?"

"तिला माफ करू नका. मीपण करणार नाय. जन्मात उंबऱ्यात घेऊ नका तिला. पण सही करा. पाणी मला आणायचं असतं, तुम्हाला नाय."

त्यानं माझा दंड सोडला. सही केली, तीही अशी दाबून की कागद फाटायचा राहिला.

दोन दिवसांनी गावच्या शाळेच्या एका रिकाम्या वर्गात प्राधिकरणाचा एक निरीक्षक आला, मोहोरबंद यंत्र घेऊन. माइक मीच लावला. दिगंबरच्या तोंडापासून वीतभर अंतर, थोडा तिरका, म्हणजे फुंकर लागत नाही. माइक सरकवताना माझं मनगट त्याच्या हनुवटीला लागलं आणि त्यानं मान मागं घेतली. मग त्यानं उतारा वाचला. मधेमधे वाचणं सोडून तो नुसता बोलायला लागला, तेव्हा निरीक्षकानं थांबवून पुन्हा घ्यायला लावलं. तीनदा घेतलं.

निरीक्षकानं नोंदीतले फिल्टर एका प्रतीला चढवले. दिगंबर म्हणाला, "मला ऐकायचंय."

"ते गरजेचं नाही," निरीक्षक म्हणाला.

"माझा आवाज हाय. मला ऐकायचाय."

मी त्याला हेडफोन दिला. आधी साधी प्रत लावली. तो मान हलवत राहिला. मग दुसरी. पहिल्याच वाक्याला त्याचे ओठ आवळले. त्यानं साडेचार मिनिटं पुरी ऐकली, हेडफोन काढला आणि बाकावर ठेवला.

"हा तर कोणतरी किरकिऱ्या हाय," तो हळू म्हणाला. "असा वाटतो मी?"

मी खोटं बोलू शकले असते. यंत्रानं केलं, पट्ट्यांनी केलं, असं म्हणता आलं असतं.

"मला असाच वाटतोस," मी म्हणाले. "नेहमी. लहानपणापासून. मी काही नवीन बनवलं नाही. मला तू जसा ऐकू येतोस, तसा सगळ्यांना ऐकवला."

निरीक्षक यंत्राची वायर गुंडाळत होता, तो थांबला. दिगंबर उठला. मला वाटलं मारतो आता. पण तो वर्गाबाहेर गेला आणि शाळेच्या पायरीवर बसला. मी सामान भरून त्याच्या शेजारून उतरले तेव्हाही त्यानं मान वर केली नाही.

एकशे बावीस नवे श्रोते निवडले. एकसष्टांना पूर्ण सुनावणी माझ्या फिल्टरवाल्या चौदा नंबरसकट ऐकवली, एकसष्टांना साध्या आवाजातल्या चौदा नंबरसकट. पहिल्या गटात खाणीला चौतीस मतं पडली. दुसऱ्या गटात एकवीस. दोन्ही गटांना कारण विचारलं होतं. पहिल्या गटातल्या बऱ्याच जणांनी लिहिलं, 'पाण्याचा मुद्दा नीट मांडला गेला नाही.' दुसऱ्या गटात त्याच शब्दांबद्दल लिहिलेलं होतं, 'पाण्याचा मुद्दा ठाम वाटला.'

तरीही मिराशीची बाजू गप्प बसली नाही. भावंडांनी मिळून रचलेला बनाव, दुसऱ्यांदा बोलताना भाऊ मुद्दाम चांगला बोलला, असं त्यांनी म्हटलं. त्यावर तीन सदस्यांची चौकशी समिती बसली. प्राधिकरणाच्या नियमानुसार साक्षीही त्याच पद्धतीनं. वेगळ्या खोलीत बसून, नंबर घेऊन, समश्राव्यमधून. मी तीन नंबर होते. माझा आवाज कोण सांभाळतोय हे मला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी माइकच्या या बाजूला होते. बोलता बोलता माझं लक्ष शब्दांवर राहीना. त्या माणसाची बोटं आता कुठल्या पट्टीवर असतील, तो मला ओळखत असेल का, मी कधी त्याच्याशी भांडले होते का, हेच डोक्यात. प्राधिकरणात माझी फार माणसांशी गोडी नव्हती. तरी सगळं सांगितलं. कँटीनमधला मिराशी, आलेख, बंदर, अकरा मच्छीमार. आई आणि अंगण. खुशीतले दोन दिवससुद्धा.

बाहेर आले तर प्रतीक्षा कक्षात दिगंबर एकटाच बसलेला होता. त्याची साक्ष माझ्यानंतर होती. भिंतीवर स्पीकर होता; माझं सगळं बोलणं त्यानं त्यातून ऐकलेलं होतं.

मी पाण्याच्या कुलरपाशी गेले. तो मागून म्हणाला, "ती तू व्हतीस?"

"तीन नंबर. हो."

"आधी कळलाच नाय मला. कोणतरी बाई आपली चूक सांगते असं वाटलं. चांगली बाई वाटली." "मग अंगणाचं बोललीस तेव्हा कळलं."

मी पेला भरून घेतला. काहीतरी बोलावंसं वाटत होतं. "आता समोर बोलतेय," मी म्हणाले. "आता कशी वाटते?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. खरोखर ऐकून बघावं तसं.

"तशीच," तो म्हणाला. "कानात काटा रुतावा तशी." आणि त्याचा नंबर पुकारला म्हणून उठून आत गेला.

समितीनं सुनावणी रद्द ठरवली. चालकांच्या हाताची सूट संपूर्ण काढून घेतली, त्यामुळे आता म्हाताऱ्या आणि खेड्यातल्या आवाजांना यंत्र चुकतं ते तसंच चुकत राहतं. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही. मिराशीवर वर्षभराची बंदी आली. माझा परवाना कायमचा गेला. बंदराच्या सुनावणीत ते अकरा मच्छीमार बोलले, त्यांचं काय झालं ते मी मुद्दाम वाचलं नाही.

मी चिपळूणला आले. इथं लग्नाच्या हॉलमध्ये आणि सभांना स्पीकर लावायचं काम करते. लोक माइक हातात घेतात, तोंडाला चिकटवतात, कर्कश ओरडतात. मी लांब उभी राहून ऐकते आणि स्पीकर शिट्टी मारायला लागला तरच हात लावते.

कातळवलीची सुनावणी नव्यानं झाली ती पाच महिन्यांनी. मी ऐकली नाही. एका साखरपुड्याच्या हॉलमध्ये वायरी ओढत होते, भर दुपारी, तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"सुनंदा बोलते," पलीकडून आवाज आला. "खाण नाय होत. सदतीस मतं आपल्या बाजूनं पडली."

"बरं झालं," एवढंच म्हणाले.

"तुला कळवावं असं वाटलं. म्हणून केला."

मागून दिगंबरचा आवाज आला. "कोणाला फोन लावलास?"

"सुवर्णाला."

"कशाला? तिचे काय उपकार व्हते काय आपल्यावर? पाणी आपलं व्हतं, आपलं राह्यलं. तिनं काढून घेतलं व्हतं, तेच परत दिलंन. सांग तिला! सांग, म्हणावं, इकडं यायचं काम नाय!" तो फोनच्या जवळ आला असावा, आवाज मोठा होत गेला. आईचं बोलला, फोनचं बोलला, सातचा आकडा दोनदा आला.

"ऐकलंस?" वहिनीनं विचारलं.

"ऐकलं."

"मग ठेवू?"

"ठेव."

पण तिनं ठेवला नाही. मीही ठेवला नाही. हातातली वायर खाली ठेवून मी स्टेजच्या कडेला बसले. पलीकडे तो अजून बोलत होता, आणि मी ऐकत होते.